पट्टे उभे आहेत ना?

सेगेदच्या आल्शोवारोश भागात बोर्चोक वेंदेलला न ओळखणारा माणूस सापडला नसता, आणि तो नेमकं काय काम करतो हे सांगू शकणाराही सापडला नसता. चर्चच्या मागच्या गल्लीतल्या पिवळ्या घरात तो आणि त्याची बायको पिरोश्का, अशी दोघंच. मूलबाळ देवानं दिलं नाही. पिरोश्का मखमली सपातांवर रेशमाची फुलं भरायची, आणि वेंदेल रोज सकाळी साडेसहाला सायकल काढून लेझरच्या प्रयोगशाळेत जायचा. तिथं काय करता म्हणून कुणी विचारलं की म्हणायचा, "उजेडाला एका जागी उभं करतो." लोक हसायचे. कोपऱ्यावरचा खाटीक तर एकदा म्हणाला होता, "मग आमच्या जावयालाही घेऊन जा बाबा, तो कुठल्याच कामावर उभा राहत नाही."

वेंदेल मात्र थट्टा करत नव्हता. त्याचं काम खरंच तेवढंच होतं.

तो जन्मला रोस्केला, पाप्रिकाच्या गावात. शरद ऋतूत तिथल्या घरांच्या भिंती मिरच्यांच्या माळांनी लालभडक होतात, त्यातल्याच एका घरात. अठराव्या वर्षी तो तागाच्या गिरणीत लागला. चात्यांचा पट्टा किती ताणलाय हे त्याला हात लावल्याबरोबर कळायचं. गिरणी बंद पडली तेव्हा त्या हातांची कीर्ती ऐकून विद्यापीठाच्या कार्यशाळेनं त्याला उचललं, आणि तिथून तो लेझरवाल्यांकडे गेला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, गणितही बेताचंच. पण आरसा किती घट्ट पिळायचा आणि कधी हात आवरायचा, हे तिथल्या भल्याभल्या पदवीवाल्यांना त्याला विचारावं लागे.

त्या लेझरमधून उजेड सलग येत नाही, थेंबाथेंबानं येतो. एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचे आणखी दोनशे करा. एवढंच एका थेंबाचं आयुष्य. इतक्या वेळात उजेडाच्या लाटेला फार तर दोनदा मान वर काढता येते. आता थेंबाचा जोर ऐन भरात असताना लाट माथ्यावर आहे की खाली दबलेली आहे, यावर सगळं ठरतं. आणि लाट स्वभावानंच घसरते. या थेंबात माथ्यावर, पुढच्यात जराशी मागे, त्याच्या पुढच्यात आणखी मागे. तिला प्रत्येक थेंबात त्याच जागी धरून ठेवायचं, हे वेंदेलचं काम.

लाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक युक्ती असते. उजेडातला तांबडा भाग घेऊन एका स्फटिकातून त्याची कंपनं दुप्पट करायची आणि तो निळ्या भागाशी भिडवायचा. दोघांच्या झटापटीतून पडद्यावर काळेपांढरे पट्टे उमटतात. पट्टे हलले नाहीत म्हणजे लाट जागेवर आहे. हलले, की पट्ट्यांवर नजर ठेवणारा यंत्राचा डोळा मोटरला कळवतो, मोटर काचेची एक पातळ पाचर केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकी आत सरकवते, आणि पट्टे पुन्हा ठिकाणावर येतात. सेकंदात कितीतरी वेळा, दिवसभर.

म्हणून त्या प्रयोगशाळेत कुणी कुणाला "कसं काय" विचारत नसे. मार्गिकेत भेटलं की म्हणायचं, "पट्टे उभे आहेत?" समोरच्यानं म्हणायचं, "उभे आहेत." नव्यानं लग्न झालेल्याला तेच विचारत, इस्पितळातून परतलेल्यालाही तेच. वेंदेलनं ही रीत घरीही आणली होती. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवताना पिरोश्का खिडकीतून विचारायची, "उभे?" आणि तो टोपी काढत म्हणायचा, "उभे."

आणखी एक रीत तिथं होती, जुन्या माणसांनी घालून दिलेली. डोळे दोन ठेवायचे. पहिला बघतो, सांगतो, आणि मोटर त्याचं ऐकते. दुसरा आडबाजूला बसून नुसता बघतो. त्याचं कुणी ऐकत नाही, त्याच्या हातात काही नाही. पण लाट किती घसरते याचा कागदावर जो आकडा लिहायचा, जितका लहान तितका बरा, तो या दुसऱ्याचा.

एमोके आली त्या साली ही रीत मोडली, आणि ती मोडली वेंदेलनं.

एमोके हंगेरीच्या सीमेपलीकडची, एर्देयच्या डोंगरांतल्या उद्वारहेयची. वडील नाहीत, आई शाळेत स्वयंपाकीण. चार वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन डॉक्टरेटला आलेली ही पोर पहिल्याच दिवशी वेंदेलला म्हणाली होती, "वेंदेल बाची, मला सगळ्यात आधी झाडू कुठं ठेवता ते दाखवा." तिथं वडीलधाऱ्या पुरुषाला बाची म्हणतात, बाईला नेनी. झाडू मागणारी शास्त्रज्ञ वेंदेलनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्या रविवारी तो तिला घरी जेवायला घेऊन आला. पुढं दर रविवारी पिरोश्का तिसरी थाळी मांडू लागली.

तिचा प्रयोग सोन्याच्या सुईचा होता. सुईच्या टोकावर उजेडाचा थेंब पडला की टोकातून इलेक्ट्रॉन उडतात, आणि किती उडतात ते लाट कुठल्या जागी आहे यावर ठरतं. सुई टेबलावर बसवायची तर जागा हवी. वेंदेलनं पहिल्या डोळ्याची पेटी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली, वातानुकूलनाच्या झडपेखाली. दुसरा डोळा शेजारच्या खोलीनं पंधरा दिवसांसाठी मागून नेला होता, तो परत आणायला कुणी गेलंच नाही. तसाही तो थोडा उजेड खायचा, आणि एमोकेला उजेड पुरत नव्हता.

पहिल्याच हिवाळ्यात ती एकदा म्हणाली होती, "बाची, दुसरा डोळा परत लावू या का? आपले प्रोफेसर सिलार्द लेख लिहिताना त्याचाच आकडा मागतील."

वेंदेल पाना पुसत होता. "पोरी," तो म्हणाला, "समोर बघ. पट्टे उभे आहेत की नाहीत?"

"उभे आहेत."

"मग झालं तर."

तिनं तो पुन्हा मागितला नाही. वेंदेल बाचीनं सांगितलं म्हटल्यावर ती दुसरं काही बोलणार नव्हती.

आणि पट्टे असे उभे राहिले की काही विचारू नका. एवढा लहान आकडा त्या इमारतीत कुणी पाहिला नव्हता. दुसऱ्या वर्षी एमोकेला तिच्या सुईत एक गोष्ट दिसली. इलेक्ट्रॉन एकसारखे उडत नव्हते. हळूहळू वाढायचे, हळूहळू कमी व्हायचे, आणि पुन्हा वाढायचे. बरोबर चाळीस मिनिटांनी. तिनं सुई बदलली, तरी तेच. सोनं बदललं, तरी तेच. उजेड स्थिर होता, मग हे सोन्याच्याच पृष्ठभागावर काहीतरी घडत असणार. तिनं दीड वर्ष त्यावर घातलं. एक लेख छापून आला, आकडा पहिल्याच डोळ्याचा, नव्वद. प्रयोगशाळेत त्या चढउताराला "एमोकेची लाट" म्हणू लागले. परदेशच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं पत्र पाठवून शाबासकी दिली, ते पत्र एमोकेनं पिरोश्काला वाचून दाखवलं, आणि पिरोश्कानं न कळताच डोळे पुसले.

चौथ्या वर्षाच्या जुलैत प्रबंध लिहून झाला. सप्टेंबरच्या बारा तारखेला परीक्षकांपुढे उभं राहायचं ठरलं. आईनं त्या दिवसासाठी बसचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं. एमोकेनं पहिलं पान छापून वेंदेलला आणून दिलं. त्यावर आभाराच्या चार ओळी होत्या, आणि शेवटची अशी: ज्यांनी माझ्यासाठी चार वर्षं पट्टे उभे धरले त्या वेंदेल बाचींना. वेंदेलनं ते पान घरी आणून भिंतीवरच्या क्रुसाखाली टाचणीनं लावलं. पिरोश्का म्हणाली, "देवाच्या शेजारी स्वतःचं नाव लावतोस होय रे?" पण तिनं ते काढलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला आल्शोवारोशच्या चर्चमध्ये हिमातल्या मारियामातेचा सण असतो. आसपासच्या गावांतून माणसं झेंडे आणि क्रूस घेऊन गात गात पायी येतात. वेंदेल आणि पिरोश्का इतकी वर्षं शहरात राहूनही पहाटेच्या बसनं रोस्केला जायची आणि आपल्या गावच्या माणसांबरोबर चालत परत यायची. पुढं अम्ब्रुश बाची. ऐंशीला टेकलेला हा म्हातारा चाळीस वर्षं गाणं सांगत आलेला. तो एक ओळ म्हणणार, मग सगळा गाव ती ओळ उचलणार. त्या वर्षी ऊन कडक होतं, पण गाणं असं एकजीव झालं होतं की जाणारे येणारे सायकली थांबवून ऐकत होते. वेंदेलला वाटलं, इतके सुरात आपण कधीच गायलो नव्हतो.

चर्चच्या दारातून आत शिरले तेव्हाही तेच गाणं चालू होतं. आणि वरून ऑर्गन सुरू झाला, तीच चाल.

ऑर्गनचा सूर एकीकडे आणि रोस्केकरांचा दुसरीकडे. चांगला पूर्ण स्वर खाली. बारा किलोमीटरमध्ये अम्ब्रुश बाची दमत दमत उतरत गेला होता आणि सगळा गाव त्याच्या मागोमाग उतरला होता, हाताला हात धरून, एकही माणूस न चुकता. आजूबाजूची गावं तोंड दाबून हसू लागली. बायकाही हसल्या. अम्ब्रुश बाची लाल होऊन म्हणाला, "ऑर्गनवाला वर चढवतोय मुद्दाम." पिरोश्का हसून नवऱ्याकडे वळली. "बघ रे, रस्त्यानं आपण सगळे किती बरोबर होतो. एकमेकांचंच ऐकत होतो ना."

वेंदेल हसला नाही. तो बाकाची कड धरून उभा होता. पिरोश्काला वाटलं ऊन लागलं. तिनं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यानं घेतली नाही. पूर्ण पूजेत तो गुडघ्यावर बसला तो उठलाच नाही. आणि त्या अर्ध्या तासात त्यानं देवाकडे जे मागितलं ते एवढंच, की मला आत्ता जे सुचलंय ते चुकीचं असू दे.

सोमवारी सकाळी त्यानं शेजारच्या खोलीतून दुसरा डोळा मागून आणला. एमोके त्या आठवड्यात आईकडे गेली होती. वाटेत एक पातळ काच ठेवून त्यानं उजेडाची एक कोर बाजूला काढली, दुसऱ्या डोळ्यात सोडली आणि स्टूल ओढून बसला.

पहिल्या पडद्यावर पट्टे उभे होते, दगडात कोरल्यासारखे. दुसऱ्या पडद्यावर ते चालत होते. घाईनं नाही, शांतपणे, एका बाजूला सरकत. मग थांबले. मग परत फिरले. वेंदेलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. डोक्यावर झडप उघडली, थंड हवा आली, मग बंद झाली. पट्टे गेले आणि आले, तोवर चाळीस मिनिटं झाली होती.

त्याला सगळं कळलं, गिरणीतला पट्टा हाताला कळायचा तसं. झडपेखाली ठेवलेल्या पेटीत एक आरसा हवा गार झाली की आकसत होता आणि गरम झाली की फुगत होता. उजेड ठीक होता. डोळाच हलत होता. पण डोळ्याला कुठं माहीत आपण हलतोय ते? त्याला पट्टे हललेले दिसायचे, तो मोटरला सांगायचा, मोटर पाचर सरकवायची, आणि नीट उभा असलेला उजेड तो हलवून ठेवायचा, केवळ आपल्यापुढचे पट्टे उभे दिसावेत म्हणून. उजेडाला उभं धरणारा माणूसच तो हलवत होता. एमोकेची लाट म्हणजे वातानुकूलनाचं यंत्र होतं.

वेंदेलनं दोन दिवस पुन्हा पुन्हा मोजलं. कागदावर जो आकडा नव्वद लिहिला होता तो खरा चारशेच्या वर निघत होता. मग तो घरी आला. खिडकीतून पिरोश्कानं विचारलं, "उभे?" आणि तिला उत्तर मिळालं नाही.

त्यानं तिला सगळं सांगितलं. तिला निम्मं कळलं असेल, पण नेमकं तेच कळलं जे कळायला हवं होतं. दोघं स्वयंपाकघरात बसली होती. पिरोश्का म्हणाली, तू नाताळला निवृत्त होणार, पोरीची परीक्षा सप्टेंबरात, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ती त्याला काही सुचवत नव्हती. जे त्याच्या मनात दोन दिवस घोळत होतं ते तिनं फक्त टेबलावर आणून ठेवलं. मग स्वतःच उठली, जपमाळ घेतली आणि म्हणाली, "रविवारी ती येईल. मी आलुबुखाराचे गोळे करते. तुला बोलायला बळ यावं म्हणून मी माळ धरते. एवढंच माझ्याकडून."

रविवारी एमोके उद्वारहेयहून आली, आईनं दिलेलं चीज घेऊन, उन्हानं रापलेली. आईला सभागृहात कुठं बसवायचं ते सांगत होती, आईला हंगेरियन परीक्षकांची किती धास्ती वाटते त्याच्या नकला करत होती. पिरोश्कानं उकडलेले गोळे वाढले, वर पावाचा खरपूस चुरा घातला. एमोकेनं एक फोडला, आतलं आलुबुखार लाल फुटलं. वेंदेलनं काटा हातात घेतला नव्हता.

"पोरी," तो म्हणाला, "मी दुसरा डोळा लावला."

ती हसत होती ती हळूहळू थांबली. तिनं विचारलं नाही काय दिसलं म्हणून. तिनं विचारलं, "चाळीस?"

"चाळीस."

तिनं थाळी पुढं सारली. क्रुसाखालच्या त्या पानाकडे पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मी मागितला होता, वेंदेल बाची. पहिल्या हिवाळ्यात."

वेंदेलनं मान खाली घातली. पिरोश्का म्हणते, बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला तिनं तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

जाताना एमोके दारात थांबली. हे कुणाकुणाला माहीत आहे, तिनं विचारलं. तुला, मला आणि हिला, वेंदेल म्हणाला. मग ती म्हणाली, "एक दिवस द्या मला. उद्या काही बोलू नका कुणाशी." त्यानं हो म्हटलं. त्या एका दिवसात ती काय मागणार, गप्प राहा म्हणून गळ घालणार का, आणि घातली तर आपण काय करू, हे त्याला माहीत नव्हतं. नंतर तो पिरोश्काला म्हणाला की मी बहुतेक गप्प राहिलो असतो.

पण तिनं काही मागितलं नाही. मंगळवारी सकाळी ती स्वतः प्रोफेसर सिलार्दच्या खोलीत गेली आणि तासाभरानं बाहेर आली. प्रोफेसर भला माणूस. त्यानं छापलेला लेख मागे घेतला आणि चूक आपल्या खोलीची म्हणून लिहिलं, वेंदेलचं नाव घेतलं नाही. सगळं नव्यानं मोजायला तिला आणखी सहा महिने मिळावेत म्हणून त्यानं खटपट केली, पण शिष्यवृत्तीवाल्यांचा नियम नियम होता. खरं सांगायचं तर एमोकेतही जोर राहिला नव्हता. बारा सप्टेंबरला आईच्या बसचं तिकीट वाया गेलं. एमोके दोन बॅगा घेऊन उलट दिशेच्या बसमध्ये बसली. निरोपाला वेंदेल आणि पिरोश्का गेली होती. पिरोश्कानं हातानं भरलेल्या सपाता दिल्या, त्या तिनं छातीशी धरल्या. वेंदेलचा हात हातात घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

नाताळापर्यंतचे तीन महिने वेंदेलनं रविवारही सोडला नाही. पेटी झडपेखालून काढली. आतली दोन वेगळ्या वाटा असलेली मांडणी मोडून दोन्ही रंग एकाच वाटेनं जातील अशी नवी केली, वर बुचाच्या लाकडाचं झाकण घातलं. दुसरा डोळा जागेवर कायमचा बसवला आणि त्याच्या खाली हातानं चिठ्ठी लावली: हा काढू नये. निवृत्तीच्या आदल्या दिवशी दोन्ही पडद्यांवरचे पट्टे उभे होते, दुसऱ्या डोळ्याचा आकडा एकशे दहा. लोकांनी केक कापला, पाठ थोपटली. वेंदेलनं त्या पडद्याचा छाप काढून उद्वारहेयला टपालानं पाठवला. सोबत एक ओळही लिहिली नाही. काय लिहिणार?

उत्तर आलं ते पुढच्या नाताळात. एक कार्ड. ती तिथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, आई बरी आहे, मीही बरी आहे. मग दरवर्षी एक कार्ड, शब्द जवळजवळ तेच. वेंदेल ते चष्मा लावून दोनदा वाचायचा आणि क्रुसाखालच्या त्या पानाशेजारी लावायचा. ते पान पिरोश्कानं अजून काढलं नव्हतं, आणि काढायला त्यानंही सांगितलं नव्हतं. चौथं कार्ड आलं तेव्हा पिरोश्का माशांच्या लाल रश्श्याखाली जाळ कमी करत होती. "काय म्हणतेय पोर?"

"बरी आहे म्हणते."

पिरोश्का डाव धुता धुता म्हणाली, "ते तीच म्हणते ना?"

वेंदेलनं कार्ड भिंतीला लावलं. मात्र बर्फ वितळल्यावर, एप्रिलमध्ये, त्यानं जुनी बॅग खाली काढली आणि तीन गाड्या बदलून तो उद्वारहेयला गेला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कंबर धरत.

एमोके शाळेच्या फाटकात भेटली. केस आखूड केले होते, बाहीवर खडूचे डाग. तिनं त्याला बघितलं, आणि क्षणभर ती बावीस वर्षांची झाडू मागणारी पोर दिसली, मग पुन्हा दिसेनाशी झाली. ती त्याला घरी घेऊन गेली. आईनं मक्याच्या पिठाची लापशी आणि चीज वाढलं. एमोके का परतली ते आईला कळलेलं दिसत नव्हतं. मुलीला शहर मानवलं नाही, असं काहीसं ती बोलत राहिली. तिघांनी पाप्रिकाच्या भावाबद्दल, पिरोश्काच्या गुडघ्यांबद्दल, अस्वलं यंदा गावापर्यंत आली त्याबद्दल गप्पा मारल्या. पिरोश्कानं दिलेल्या सपाता कपाटावर ठेवलेल्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या, न घातलेल्या.

दुसऱ्या दिवशी ती त्याला बसथांब्यावर सोडायला आली. गार वारा होता. बस लांबून दिसू लागली तेव्हा ती समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाली, "ती लाट अजून डोळ्यासमोर येते मला. वर्गात फळ्यावर काही काढायला गेले की हात आपोआप तीच काढायला लागतो." थोडं थांबून म्हणाली, "फार सुंदर होती हो, वेंदेल बाची."

"हो," वेंदेल म्हणाला. "सुंदर होती."

बसमध्ये चढल्यावर त्यानं खिडकीतून बघितलं. ती हात हलवत होती आणि हसत होती, कार्डावरच्या अक्षरांसारखी.

सेगेदला तो तिसऱ्या प्रहरी पोचला. पिरोश्का खिडकीत सपातांवर सुई चालवत बसली होती. त्यानं बॅग ओट्यावर ठेवली. तिनं वर बघितलं. उभे की नाही असं तिनं विचारलं नाही, ती सवय केव्हाच सुटली होती. तिनं विचारलं, "कशी आहे रे पोर?"

वेंदेलनं टोपी काढली, हातात धरली.

"बरी नाही," तो म्हणाला.